भूकंप, लूट आणि ‘दिसताच गोळी’

मोठा भूकंप झाला की दोन दिवसांत दोन प्रकारची दृश्यं घरोघरी पोचतात. एकात ढिगाऱ्याखालून धुळीनं माखलेलं मूल बाहेर येतं आणि भोवतालची माणसं रडत टाळ्या वाजवतात. दुसऱ्यात फुटलेल्या दुकानातून कोणी टीव्ही उचलून पळत असतो, किंवा तसा संशय आलेल्या माणसाला चारचौघं बडवत असतात. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ आणि ७.५ तीव्रतेचे दोन भूकंप काही तासांच्या अंतरानं झाले तेव्हाही हेच घडलं, आणि आपल्याकडची चर्चा ठरलेल्या रुळांवरून गेली. एका बाजूचं म्हणणं, माणूस आतून जनावरच आहे, कायद्याचा धाक सुटला की तो नखं काढतो, तेव्हा दिसताच गोळी घाला. दुसरी बाजू म्हणते, लूटबिट काही नसतं, माध्यमांना मसाला हवा असतो. आणि मधूनच कोणीतरी जपानचं उदाहरण फेकतो: तिथं बघा, शिस्त रक्तात आहे, आपलं काही खरं नाही.

तिन्ही मतं प्रश्नाला बगल देतात. लूट होते, हे मान्य करूनच बोलायला हवं. पण भूकंपानंतर ‘लूट’ या एका नावाखाली जे खपतं ते तीन-चार वेगळे प्रकार असतात; ते वेगळ्या वेळी घडतात, वेगळी माणसं ते करतात, आणि त्यांतल्या जवळजवळ कुठल्याच प्रकारावर बंदूक हा इलाज नाही. उलट लुटीच्या धास्तीनं पहिल्या दोन दिवसांत जे निर्णय घेतले जातात, ते ढिगाऱ्याखाली जिवंत असलेल्यांच्या जिवावर बेततात. मालमत्ता वाचवायची असेल तर पाणी, रस्ता आणि राडारोडा या तीन गोष्टींचं नियोजन हाताशी हवं.

‘लूट होतच नाही’ म्हणणारे ज्या संशोधनाचा आधार घेतात, ते खरं तर तसं म्हणत नाही. अमेरिकेत १९६३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्तींच्या समाजशास्त्राचा अभ्यास करणारं केंद्र सुरू झालं. एन्रिको क्वारंटेली आणि रसेल डाइन्स यांनी तिथं अनेक वर्षं दंगली आणि नैसर्गिक आपत्ती यांची तुलना केली. दंगलीतली लूट उघड असते, घोळक्यानं होते आणि वस्तीतल्या लोकांची तिला मूक संमती असते. आपत्तीनंतरची चोरी चोरासारखीच, म्हणजे लपूनछपून होते, बहुधा बाहेरून आलेले एकटेदुकटे लोक ती करतात आणि वस्ती त्यांच्यावर थुंकते. तिचं प्रमाणही लोक समजतात त्यापेक्षा बरंच कमी असतं. पण याच क्वारंटेलींनी अपवादही नोंदवला आहे. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळानंतर कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटावर सर्रास, उघड लूट झाली. तिथं आधीपासून टोकाची विषमता होती, गुन्हेगारी होती आणि पोलीस दल नावापुरतं होतं. म्हणजे वादळानं माणसं बदलली नाहीत. आधीच जे होतं त्याच्यावरचं छप्पर तेवढं उडालं.

विरोधी बाजूचं सर्वांत भक्कम उदाहरण चिलीचं आहे, आणि ते टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. २७ फेब्रुवारी २०१० ला पहाटे ३:३४ वाजता तिथं ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. कॉन्सेप्सिऑन शहरात त्याच दिवशी सुपरमार्केटं फोडायला सुरुवात झाली. आधी पाणी, दूध, डायपर गेले. मग टीव्ही, वॉशिंग मशीन, गाद्या. उपाशी माणूस वॉशिंग मशीन का नेईल, या प्रश्नाला सहानुभूतीचं उत्तर नाही. गाड्या घेऊन आलेले मध्यमवर्गीयही त्यात होते. अध्यक्ष मिशेल बाशले यांच्या सरकारनं दुसऱ्या दिवशी आपत्कालीन स्थिती जाहीर केली, संचारबंदी लावली, हजारो सैनिक रस्त्यावर आणले, आणि लूट थांबली. तेव्हा ‘सैन्याचा काही उपयोग नसतो’ असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

पण चिलीत नेमकं काय बिघडलं होतं? शहराचं पाणी गेलं होतं, वीज गेली होती, फोन बंद होते. दुकानदारांनी शटर ओढून घेतली होती. माल आत, गिऱ्हाईक बाहेर, आणि पैसे असले तरी विकायला कोणी नाही. किनाऱ्यावर त्सुनामीचा इशारा देण्यात सरकारी यंत्रणा चुकली, धोका टळल्याचं सांगितलं गेलं आणि लाटा आल्या. त्यामुळे ‘मदत येते आहे’ या सरकारी वाक्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं. पिनोशेच्या लष्करी राजवटीच्या आठवणींमुळे रस्त्यावर सैन्य उतरवायला सरकार कचरलं, असं तेव्हाही बोललं गेलं. सैनिक आले ते नुसत्या बंदुका घेऊन आले नाहीत. सुपरमार्केटांशी बोलणी करून जीवनावश्यक माल फुकट वाटायचं सरकारनं ठरवलं, आणि सैनिकांच्या बंदोबस्तात अन्नवाटप सुरू झालं. नंतर पोलिसांनी माल परत करण्याचं आवाहन केलं तेव्हा लोकांनी गाद्या-टीव्ही रस्त्यावर आणून ठेवले. हीच का ती रानटी जमात?

दुसरा मुद्दाही कबूल करायला हवा. लुटीची भीती खोटी असली तरी तिचे परिणाम खरे असतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या हाताय प्रांतात सुरक्षा बिघडल्याचं सांगून ऑस्ट्रियाच्या लष्करी बचाव पथकानं काही तास काम थांबवलं; तुर्की सैन्याच्या बंदोबस्तात ते पुन्हा सुरू झालं. जर्मन पथकांनीही तेच केलं. बचावाच्या सहाव्या दिवशी काही तास म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीतल्या कित्येक कुटुंबांनी पाणी उंबऱ्याला लागलं तरी घर सोडलं नाही. गोठ्यातली जनावरं आणि कपाटातला ऐवज कोणाच्या भरवशावर टाकायचा, हा त्यांचा सवाल होता. ‘जीव महत्त्वाचा, वस्तू काय पुन्हा येतील’ हे नोकरदाराला म्हणणं सोपं आहे. ज्याची वीस वर्षांची बचत चार तोळ्यांत आहे त्याला ते सांगून पाहा. तेव्हा पडलेल्या घरांवर पहारा हवाच. प्रश्न पहारा कोणाचा, कधी आणि कसला, एवढाच आहे.

तो प्रश्न सोडवताना आधी तास मोजावे लागतात. दगडमातीच्या किंवा विटांच्या घराखाली गाडलेल्यांपैकी जे वाचतात ते बहुतांशी पहिल्या चोवीस तासांत निघतात, आणि त्यांना काढणारे शेजारीच असतात. कोबेच्या १९९५ च्या भूकंपात अंदाजे ३५ हजार माणसं अडकली होती. त्यांतली सुमारे २७ हजार शेजाऱ्या-नातेवाइकांनी काढली, पोलीस, अग्निशमन दल आणि सैन्यानं मिळून सुमारे ८ हजार. जपानसारख्या देशात ही स्थिती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातली तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. तिथून लातूर जिल्ह्याच्या टोकाला यायला, रस्ते मोकळे असले तरी, निम्मा दिवस जातो. तोवर पहार, कुदळ, फावडं, घमेलं आणि गाडी उचलायचा जॅक यांवरच सगळं चालतं. अशा वेळी वस्तीला दोर बांधून ‘लुटारू येऊ नयेत’ म्हणून सगळ्यांना बाहेर काढणं म्हणजे बचाव दलालाच हाकलून देणं.

असं झालेलं आहे. १८ एप्रिल १९०६ ला पहाटे ५:१२ वाजता सॅन फ्रान्सिस्को हादरलं. महापौर यूजीन श्मिट्झ यांनी त्याच दिवशी फर्मान काढलं, की लूट किंवा अन्य कुठलाही गुन्हा करताना सापडेल त्याला ठार मारण्याचे अधिकार सैनिक आणि पोलिसांना दिले आहेत. असा अधिकार महापौरांना कायद्यानं नव्हताच. रीतसर लष्करी कायदाही कधी जारी झाला नव्हता. परिणाम काय झाला? सैनिकांनी रहिवाशांना संगिनीच्या टोकावर घराबाहेर काढलं आणि ज्या आगी चार माणसांनी बादलीनं विझवल्या असत्या त्या मोकाट सुटल्या. आग अडवण्यासाठी लावलेल्या सुरुंगांनी नव्या आगी लावल्या. तीन दिवस शहर जळत राहिलं. सैनिकच दुकानं साफ करत होते, अशा तक्रारी झाल्या त्या वेगळ्या. उलट जिथं माणसं हट्टानं थांबली तिथं इमारती वाचल्या. सरकारी टांकसाळ तिच्या कर्मचाऱ्यांनी आवारातल्या विहिरीचं पाणी वापरून वाचवली, तर टपाल कचेरी तिथल्या कारकुनांनी ओली पोती आपटून.

शंभर वर्षांनी काही सुधारणा? २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी ३१ ऑगस्टला, म्हणजे लोक छपरांवर अडकलेले असतानाच, सुमारे दीड हजार पोलिसांना शोध-बचावावरून काढून लूट थांबवायला लावलं. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या. दोघं मेले, चौघं जखमी झाले. बेघर झालेल्यांनी आसरा घेतलेल्या ज्या क्रीडागारात खून-बलात्कारांचं थैमान चालल्याच्या बातम्या जगभर गेल्या, तिथं शेवटी सहा मृतदेह मिळाले. चार नैसर्गिक मृत्यू, एक अमली पदार्थांमुळे, एक आत्महत्या.

अफवा हे या विषयाचं खरं विष आहे, आणि जपानचा दाखला देणाऱ्यांनी इथं थोडं थांबावं. १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना कान्तो भागात भूकंप झाला; टोकियो आणि योकोहामा जळून गेली; सुमारे १ लाख ५ हजार माणसं मेली. त्याच संध्याकाळपासून आवई उठली: कोरियन लोक लुटालूट करताहेत, आगी लावताहेत, विहिरींत विष टाकताहेत. सरकारी तारांनी ती आणखी पसरवली. गल्लोगल्ली तयार झालेली ‘स्वसंरक्षण’ पथकं तपासणी नाकी लावून उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘पंधरा येन पन्नास सेन’ म्हणायला लावू लागली; उच्चार अडखळला की बांबूचा भाला. हजारोंच्या संख्येनं कोरियन मारले गेले, शिवाय चिनी, आणि बोली वेगळी म्हणून काही जपानीही. जपान सरकारच्याच समितीनं नंतर म्हटलं, की एकूण मृतांपैकी एक ते काही टक्के मृत्यू या हत्यांमुळे झाले. आणि २०११ च्या त्सुनामीनंतर याच देशातल्या लोकांनी चिखलात सापडलेल्या हजारो तिजोऱ्या पोलिसांकडे आणून दिल्या; अब्जावधी येन मालकांना परत मिळाले. (फुकुशिमाभोवतीच्या रिकाम्या केलेल्या भागात त्याच काळात एटीएम फोडली गेली, हेही खरं.) मग ‘रक्तातली शिस्त’ १९२३ ला कुठं होती? माणसं त्याच वंशाची. बदललं ते एवढंच, की एकदा राज्यानं अफवेला शिक्का दिला, आणि एकदा ठाण्यात तिजोरी घेऊन जाणाऱ्याला पावती मिळत होती.

हातायमध्येही संशयाचं बोट आधी सीरियन निर्वासितांकडे वळलं. लुटारू म्हणून धरलेल्यांना पोलिसांनी आणि जमावानं बेदम मारल्याची, कोठडीत एकाचा मृत्यू झाल्याची नोंद मानवी हक्क संघटनांनी केली आहे. त्यांत आपल्याच घरातलं सामान काढणारे किती होते? ढिगाऱ्यावर चढलेला माणूस मालक आहे की चोर, हे दुर्बिणीतून कळत नाही. ‘दिसताच गोळी’मधला ‘दिसताच’ हा शब्द म्हणूनच घातक आहे. आपल्या फौजदारी कायद्यात तो कुठंही नाही. मालमत्तेच्या बचावासाठी जीव घेण्याची मुभा भारतीय न्याय संहितेत मोजक्या प्रसंगांपुरती आहे: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या जागेला आग लावणं, किंवा जिवाला धोका वाटावा अशा रीतीनं केलेली चोरी. दिवसाढवळ्या पडक्या दुकानातून तांदळाचं पोतं नेणं यात बसत नाही. जिल्हा प्राधिकरणाला जे अधिकार खरोखर हवे असतात ते आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ मध्ये आहेतच: वाहतूक रोखणं, बाधित भागात येण्याजाण्यावर निर्बंध घालणं, राडारोडा हलवणं. ते वापरायला गोळी लागत नाही, तपासणी नाकं लागतं आणि नाक्यावर वही लागते.

किल्लारीकडे या नजरेनं पाहिलं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गाव विसर्जन आटोपून झोपलेलं. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास ८ हजार माणसं गेली. ५२ गावं मुळापासून हलवावी लागली. घरं माळवदाची: मातीत रचलेल्या दगडांच्या दीड-दोन हात जाड भिंती, वर लाकडी तुळया-सऱ्यांवर हातभर मातीचा थर. भिंत उसवली की ते सगळं वजन झोपलेल्यांवर. तेव्हा पहिली अडचण लुटारूंची नव्हती, बघ्यांची होती. ‘भूकंप पाहायला’ आलेल्यांच्या जीपा-ट्रॅक्टरनी आणि पुढाऱ्यांच्या ताफ्यांनी रस्ते तुंबले, त्यात पाऊस आला. चोऱ्यांच्या तक्रारी झाल्या त्या याच गर्दीच्या आडून. आलेला प्रत्येक जण ‘मदतीला आलोय’ म्हणत असेल तर चोर ओळखायचा कसा? गावठाणाला शिरायच्या वाटा दोन किंवा चार असतात. प्रत्येक वाटेवर दोन माणसं, एक बाहेरचा पोलीस आणि एक गावातला चेहरे ओळखणारा. गाडीचा क्रमांक, किती माणसं, आत कशाला, बाहेर पडताना गाडीत काय. एवढ्यानं बघे गळतात आणि त्यांच्याबरोबर निम्मे चोरही. नुसता गावातला पोलीस पुरत नाही, कारण त्याचंही घर पडलेलं असतं. नुसता बाहेरचा तर मालकालाच काठी मारतो.

खरी लूट मात्र पुढं असते, कॅमेरे निघून गेल्यावर. माळवदाच्या घरात ऐवज बँकेत नसतो. कोनाड्यात, उतरंडीतल्या मडक्यात, चुलीमागच्या जमिनीत असतो. जेसीबीच्या बकेटनं एक घास घेतला की तिन्ही जागा एक होतात, पुढच्या घासात शेजाऱ्याची भिंत मिसळते, आणि डंपर भरून गावाबाहेर गेला की कोणाचं काय हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून शोध संपल्याचं जाहीर होईपर्यंत यंत्र ढिगाऱ्यावर चढवूच नये. त्यानंतरही आधी प्रत्येक ढिगाऱ्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधला घर क्रमांक रंगानं टाकावा, चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. मालक किंवा वारस आणि शेजारचे दोन पंच हजर असल्याशिवाय हात लावू नये. आधी हातानं तुळया उचलाव्यात, कारण सागवान हाच पहिला चोरीचा माल. मग स्वयंपाकघर आणि देवघराची जागा मालकानं दाखवावी आणि ती घमेल्यानंच उपसावी. उरलेली माती यंत्रानं. एका यंत्रामागं एक तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), एक शिपाई. सापडलेली वस्तू तिथंच वजन करून, कापडी पिशवीत लाखेची मोहर लावून, पंचनाम्याची एक प्रत वारसाच्या हातात. वारसच उरला नसेल तर पिशवी उपकोषागारात. मृताच्या अंगावरचा किंवा ताब्यातला ऐवज लाटणं हा न्याय संहितेत कलम ३१५ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, हे यंत्रचालकाला आधीच वाचून दाखवावं.

हे वेळखाऊ आहे, अशी तक्रार येईल. येऊ द्या. त्या टप्प्याला घाई कोणाला असते? बहुधा कंत्राटदाराला. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत सळया आणि तांब्याची तार हा मोठा माल असतो. राडारोडा उचलण्याचा मोबदला भंगारातून वसूल करायचा असा करार असेल तर इमारत लवकर फोडण्यातच त्याचा नफा. मोबदला घनमीटरवर द्यावा, भंगार घरमालकाच्या खात्यावर लावावं, आणि राडारोडा टाकायच्या जागेवर निदान महिनाभर रात्रीचा दिवा आणि पहारा ठेवावा. त्या जागेवर दुसऱ्यांदा चोरी होते आणि तिचा पंचनामा कोणी करत नाही.

ट्रक लुटला जाणं हा आणखी वेगळा प्रकार, आणि तो बहुतेक वेळा वाटणाऱ्यानं ओढवून घेतलेला असतो. चालत्या ट्रकवरून पाकिटं फेकली की धडधाकट तरुण चार नेतात आणि म्हातारी रिकाम्या हातानं परतते. दुसऱ्या दिवशी तेच तरुण ट्रक गावाबाहेरच अडवतात. माल हमरस्त्यावर उतरवू नये, आतल्या मैदानात उतरवावा. आत जायची वाट एक, बाहेरची दुसरी. कुटुंबाला एक टोकन, बाईच्या नावानं. उद्या किती वाजता काय मिळणार याची पाटी. पाणी सर्वांत आधी: प्यायला माणशी दिवसाला तीन लिटर तरी, काही दिवसांत सगळ्या वापराला मिळून पंधरा. पाच हजारांच्या गावाला पहिल्या दिवशी दहा हजार लिटरचे दोन टँकर पोचले तर तहानेपोटी दुकान फोडायचं कारण उरत नाही, आणि फोडणारा मग चोर म्हणून नीट उघडा पडतो. दुकानदारालाही सांगावं: शटर ओढून बसू नकोस, माल दे, वहीत लिही, बिल तहसीलदार भरेल.

आणि गणवेशातली लूट? मानाग्वात २३ डिसेंबर १९७२ ला भूकंप झाला तेव्हा निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसा याच्या नॅशनल गार्डनं दुकानं लुटली आणि परदेशांतून आलेली मदत वाटेतच गिळली. मदत पोचत नाही असं कळल्यावर बेसबॉलपटू रोबर्टो क्लेमेंटे स्वतः सामानाच्या विमानात बसला. ३१ डिसेंबरला ते विमान समुद्रात कोसळलं. तुर्कस्तानात २०२३ मध्ये लोक कडाक्याच्या थंडीत उघड्यावर असताना तिथल्या रेड क्रेसेंटनं दोन हजारांवर तंबू एका स्वयंसेवी संस्थेला विकले, ४ कोटी ६० लाख लिरांना. त्याचे व्हिडिओ फिरले नाहीत, कारण तंबू विकताना कोणी पळत नाही. आपल्या आपत्ती कायद्याच्या कलम ५३ खाली मदतीचा पैसा किंवा माल हडपणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षं. राहत्या घरातून टीव्ही चोरणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत. सरकारी नोकराच्या विश्वासघाताचं कडक कलम जोडता येतं, पण त्यासाठी गोदामातला माल किती आला आणि कुठं गेला याची नोंद लागते, आणि आपत्तीत सर्वांत आधी हरवते ती नेमकी हीच वही. ‘दिसताच गोळी’चा आग्रह धरणाऱ्यांनी मदतीच्या गोदामाची आवक-जावक रोज संध्याकाळी चावडीवर लावायची मागणी का केली नाही, हे त्यांना विचारायला हवं.